मे १९५६ चा डिलक्स

फेंडर डिलक्स या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या लाकडी पेटीत मागून डोकावलं की आतल्या फळीला चिकटवलेला एक कागद दिसतो. कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह बसवायचा याचा तो तक्ता. त्यावर मॉडेलचा क्रमांक छापलेला असतो, ५ई३, आणि शिक्क्याने उठवलेली दोन अक्षरं असतात. ज्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल मी लिहितोय त्याच्या तक्त्यावर एफ आणि ई ही अक्षरं होती. पहिलं अक्षर वर्षाचं. १९५१ साठी ए धरायचा आणि पुढे मोजत जायचं. दुसरं महिन्याचं, जानेवारी म्हणजे ए. म्हणजे हा डिलक्स मे १९५६ चा. मॉडेलचा क्रमांकही असाच उलगडतो. पाच म्हणजे पन्नासचं दशक, ई म्हणजे सर्किटची पाचवी सुधारित आवृत्ती, तीन म्हणजे डिलक्स.

पण एका कागदावर विसंबून चालत नाही. एका पेटीतला चॅसिस, म्हणजे सर्किटचा धातूचा सांगाडा, दुसरीत सहज बसतो, आणि जुन्या वाद्यांना किंमत आल्यापासून तसे जोडकाम केलेले नमुने बाजारात फिरत असतात. म्हणून सुटे भाग तपासायचे. लाउडस्पीकरच्या पत्र्यावर २२०६१२ असा आकडा होता. २२० हा शिकागोच्या जेन्सन कंपनीचा संकेतांक, ६ म्हणजे १९५६, १२ म्हणजे वर्षाचा बारावा आठवडा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा आकडा, म्हणजे शूमाखर. आवाजाच्या बटणांमागच्या पोटेन्शिओमीटरवर ३०४, म्हणजे स्टॅकपोल. सगळे आठवडे मार्च-एप्रिलच्या आसपासचे, म्हणजे मे महिन्यात एकत्र जोडले जाण्याजोगे. वर्षासाठी एकच अंक असल्यामुळे १९५६ की १९६६ हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही; ते भागाच्या घडणीवरून ठरवावं लागतं.

आणखी एक खूण मला या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. चॅसिसच्या आत मास्किंग टेपचा एक तुकडा होता आणि त्यावर पेनने लिहिलेलं एका बाईचं नाव. फुलर्टनच्या कारखान्यात तारा जोडण्याचं काम बहुतेक बायका करत, त्यातल्या कितीतरी मेक्सिकन वंशाच्या. जिने जोडणी केली तिने आपलं पहिलं नाव टेपवर लिहून आत चिकटवायचं अशी तिथली पद्धत होती. गिटारच्या इतिहासावरच्या पुस्तकांत वादकांची नावं पानोपानी सापडतात, या बायकांची क्वचितच. त्यांचा डाख मात्र इतक्या वर्षांनीही धरून आहे.

कारखान्याचा मालक लिओ फेंडर रेडिओ मेकॅनिक होता. जन्म १९०९ चा. त्याने १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. तिथे लोक रेडिओबरोबर ध्वनिक्षेपक आणि गिटारचे अ‍ॅम्प्लिफायरही दुरुस्तीला आणत. १९४६ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली, आणि जानेवारी १९६५ मध्ये ती सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारींमध्ये गणल्या जाणाऱ्या टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर त्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्या, पण त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याचा पिंड दुरुस्ती करणाऱ्याचा होता आणि डिलक्स उघडला की ते लगेच जाणवतं. मागची फळी काढा, चॅसिसचे स्क्रू सोडवा, की सगळं सर्किट समोर येतं. एका फायबरच्या पट्टीवर पितळी डोळ्यांच्या दोन रांगा, मध्ये आडवे बसवलेले रेझिस्टर आणि कंडेन्सर, आणि तिथून व्हॉल्व्हच्या सॉकेटांकडे गेलेल्या कापडी वेष्टनाच्या तारा. कुठलाही भाग काढायला दुसरा हलवावा लागत नाही. हे यंत्र पुन्हा उघडलं जाणार आहे, असं गृहीत धरूनच ते बांधलं आहे.

हा डिलक्स मी पाहिला तो लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये. मित्र मूळचा सांगलीचा, वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो स्वतः इंजिनिअर झाला, पण संध्याकाळी गॅरेजमध्ये जुने अ‍ॅम्प्लिफायर बरे करत बसतो. हा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याकडे आणणारा गिटारवादक तिथलाच. कित्येक वर्षं अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कपाटात पडून होता, आणि मालकाने तो थेट प्लगमध्ये घालून चालू करून पाहिला नव्हता, ही नशिबाची गोष्ट. बहुतेक जण नेमकं तेच करतात.

मी उत्साहाने वायर हातात घेतली तेव्हा मित्र म्हणाला, "थांब रे. आधी सिरीज बोर्ड आण."

आपल्याकडे प्रत्येक रेडिओवाल्याच्या टेबलावर असतो तोच हा बोर्ड: विजेच्या वाटेत एक साधा पिवळा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, यंत्र वाचतं. आत सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. सांगलीच्या दुकानातली ही युक्ती अमेरिकेतले जाणकारही वापरतात. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून नुसता ट्रान्सफॉर्मर तपासला. बल्ब जेमतेम लालसर झाला. ट्रान्सफॉर्मर शाबूत होता, आणि अशा कामात निम्मी काळजी तिथेच मिटते. मूळ ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल तर नवा बसवता येतो, पण मग ते वाद्य पूर्णपणे जुनं उरत नाही.

यापुढचं काम जिवाशी खेळ आहे. डिलक्सच्या आत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. म्हणून आधी रेझिस्टर लावलेल्या चिमट्याने तो दाब जमिनीला सोडायचा, मीटरने शून्य आल्याची खात्री करायची, आणि तरीही डावा हात शक्यतो पाठीमागे ठेवायचा. म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडणार नाही. मित्र इतक्या वर्षांच्या सवयीनंतरही प्रत्येक वेळी मीटर लावतो.

आता डिलक्समध्ये काय बिघडतं ते पाहू. व्हॉल्व्ह लोकांना नाजूक वाटतात, पण बहुधा तेच टिकलेले असतात. म्हातारे होतात ते फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. डिलक्समध्ये ते तीन असतात, प्रत्येकी १६ मायक्रोफॅरडचे, पुठ्ठ्याच्या नळीत घातलेले, अ‍ॅस्ट्रॉन कंपनीचे. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याला लागून ओलसर रसायन. यंत्र वर्षानुवर्षं बंद राहिलं की तो थर क्षीण होतो आणि रसायन सुकतं. मग लाउडस्पीकरमधून घूं असा आवाज येत राहतो, किंवा कंडेन्सर फुगतो, किंवा शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. हे तिन्ही बदललेच पाहिजेत. मूळ भाग म्हणून ते तसेच ठेवणारे संग्राहक मला भेटले आहेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. सुकलेला कंडेन्सर जपायचा आणि त्यापायी १९५६ चा ट्रान्सफॉर्मर पणाला लावायचा, हा उलटा हिशेब झाला.

बदलतानाही हात राखून बदलावं लागतं. १६ ऐवजी आज सहज मिळणारे २२ मायक्रोफॅरडचे चालतात. पण घूं पूर्ण घालवण्याच्या नादात कोणी शंभराचे बसवतं, तिथे दोन गोष्टी बिघडतात. डिलक्समध्ये एसीचं डीसी करण्याचं काम ५वाय३ हा व्हॉल्व्ह करतो आणि एवढा मोठा कंडेन्सर भरण्याचा ताण त्याला झेपत नाही. दुसरं म्हणजे या वाद्याचा स्वभावच बदलतो. तारेवर जोरात आघात केला की व्हॉल्व्ह एकदम जास्त वीज मागतात, ५वाय३ ला ती तत्काळ पुरवता येत नाही, दाब किंचित खाली येतो आणि पुन्हा सावरतो. गावात पिठाची गिरणी सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंदावतो, तसं. त्यामुळे सुराचा पहिला ठोका दबतो आणि मागाहून सूर फुलत वर येतो. वादकाच्या बोटांना हे जाणवतं, आणि हजारो गिटारवादक या एका गोष्टीसाठी डिलक्स शोधत फिरतात.

सुराचं बाकीचं रहस्य सर्किटच्या साधेपणात आहे. गिटारचा क्षीण संकेत आधी १२एवाय७ व्हॉल्व्हमध्ये मोठा होतो, मग १२एएक्स७ च्या एका अर्ध्या भागात. दुसरा अर्धा भाग त्या संकेताच्या एकमेकांविरुद्ध दोन प्रती करतो, आणि त्या दोन ६व्ही६ व्हॉल्व्हना जातात. तिथून आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि १२ इंची स्पीकर. सगळी ताकद जेमतेम १२ ते १५ वॅट. पुढच्या काळातल्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरांत स्पीकरकडचा थोडा संकेत मागे फिरवून चुका सुधारणारी जोडणी असते. ५ई३ मध्ये ती नाहीच. त्यामुळे बटण अर्ध्यावर जाण्याआधीच आवाज फाटायला लागतो. गायकाच्या माइकवर हेच झालं तर आपण साउंडवाल्यावर ओरडू. इथे मात्र हळू वाजवलं की स्वच्छ आणि जोरात वाजवलं की दाणेदार, खरखरीत, असा सूर निघतो आणि त्याचं नियंत्रण वादकाच्या बोटांतच राहतं.

फिल्टरनंतर पाळी येते दोन ६व्ही६ ना संकेत पोचवणाऱ्या कंडेन्सरांची. हे पिवळ्या रंगाचे अ‍ॅस्ट्रॉन, ०.१ मायक्रोफॅरडचे. त्यांचं काम दुहेरी: संकेत जाऊ द्यायचा, पण अलीकडचा उच्च डीसी दाब अडवायचा. जुना कंडेन्सर गळायला लागला की थोडासा डीसी व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोचतो आणि व्हॉल्व्ह हाताबाहेर वीज ओढू लागतो. अंधारात पाहिलं तर आतली करडी प्लेट लाल झालेली दिसते. हे तपासायला मित्राने ६व्ही६ काढून ठेवले, यंत्र चालू केलं आणि सॉकेटच्या ग्रिडच्या पिनवर मीटर लावला. एका बाजूला जवळजवळ शून्य. दुसऱ्या बाजूला पाऊण व्होल्ट, आणि आकडा हळूहळू चढत होता.

"हा गेला," तो म्हणाला. "दुसरा राहू दे."

मला जोडी बदलणं सोपं वाटलं असतं. त्याचं म्हणणं असं की जो भाग आपलं काम करतोय त्याला हात लावायचं कारण नाही. एक बदलला, एक ठेवला. काढलेले सगळे भाग एका पिशवीत घालून पेटीतच ठेवले, म्हणजे पुढच्या माणसाला काय बदललं हे विचारावं लागणार नाही. हीच शिस्त मला या कामात सर्वांत आवडते. आपण शेवटचे दुरुस्ती करणारे नाही, हे धरून चालायचं. जुना डाख शक्यतो न वितळवता नवा भाग बसवायचा, तार कापायची वेळ आलीच तर लांब ठेवून कापायची, चॅसिसला नवं भोक पाडायचं नाही.

कार्बन रेझिस्टरांबाबतही तसंच. यांचा रोध काळाबरोबर वाढत जातो; एक लाख ओहमचा एक रेझिस्टर एक लाख अठरा हजारावर गेलेला निघाला. कागदावर तो सदोषच. पण तो खरखरत नव्हता आणि त्यापुढच्या व्हॉल्व्हवरचा दाब योग्य होता, म्हणून तो राहिला. खरखरणारा एक मात्र काढावा लागला. इंटरनेटवर आणि दुकानांत विशिष्ट कंडेन्सर, विशिष्ट तारा यांच्या नावाने जी जादू विकली जाते तिच्यावर माझा विश्वास नाही. डिलक्सचा सूर कोणा एका भागात दडलेला नाही. तो त्या कमी दाबात, त्या लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये, त्या पातळ पाइनच्या पेटीत आणि जेन्सनच्या कागदी पडद्यात मिळून आहे.

एका भागाबद्दल मात्र तडजोड नाही. पन्नासच्या दशकातल्या अ‍ॅम्प्लिफायरांना दोन पिनांची वायर असे, अर्थिंग नाही. शिवाय घूं कमी करण्यासाठी विजेच्या एका तारेपासून चॅसिसला एक कंडेन्सर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला तर घरातली वीज थेट चॅसिसवर, तिथून गिटारच्या तारांवर आणि वादकाच्या हातावर. ओठ माइकला लागले की मंडळ पूर्ण. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे 'स्टोन द क्रोज' या गटाचा गिटारवादक लेस हार्वी, अर्थिंग नसलेल्या उपकरणांमुळे, माइकला हात लागताच रंगमंचावर दगावला. अमेरिकेतले कारागीर त्या कंडेन्सरला मृत्यूचा कंडेन्सर म्हणतात. तो काढायचा आणि तीन पिनांची वायर बसवून अर्थ चॅसिसला पक्का करायचा. मूळपण गेलं म्हणून कोणी किंमत कमी केली, तर करू द्यावी.

नवे कंडेन्सर बसले, वायर बसली, तेव्हा पुन्हा सिरीज बोर्डावरून, मग थेट विजेवर. आता मोजणी. दोन्ही ६व्ही६ च्या कॅथोडला मिळून एकच २५० ओहमचा रेझिस्टर असतो. त्याच्यावर १९ व्होल्ट आले. १९ भागिले २५० म्हणजे ७६ मिलिअँपिअर, एका व्हॉल्व्हला ३८. त्यातले सुमारे दोन स्क्रीनचे वजा केले की ३६. प्लेट आणि कॅथोड यांच्यातला दाब ३३५ व्होल्ट. गुणाकार बारा वॅटच्या किंचित वर. जुन्या पुस्तकांत ६व्ही६ ची मर्यादा १२ वॅटच दिली आहे, म्हणजे हा व्हॉल्व्ह अगदी कडेवर चालतो. कारखान्यातूनच तो तसा निघत असे. भरीला, त्या काळी घरातली वीज ११७ व्होल्टच्या आसपास धरलेली होती आणि आज कॅलिफोर्नियात ती १२० च्या वर असते, त्यामुळे आतले सगळेच आकडे थोडे चढे येतात. मित्राने व्हॉल्व्ह बदलून पाहिले आणि थोडी कमी वीज ओढणारी जोडी निवडली.

भारतात असा अ‍ॅम्प्लिफायर आणणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगायला हवी. २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर बाजारात सहज मिळतो, पण तो फक्त दाब बदलतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. साठसाठी बांधलेला जुना ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त तापतो. म्हणून दाब १२० पेक्षा ११० च्या जवळ ठेवावा, आणि तासाभराने ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघावा.

व्हॉल्व्ह अजून मिळतात. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये ते बनतात, आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक आज गिटारवादकच आहे. आपल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही साठच्या दशकात घरगुती रेडिओंसाठी व्हॉल्व्ह बनवले. त्यातले शिल्लक राहिलेले ईएल८४ आज परदेशातले वादक आवर्जून घेतात, कारण ब्रिटिश व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरांना तोच व्हॉल्व्ह लागतो. ज्या व्हॉल्व्हवर आपल्या घरात आकाशवाणी वाजायची, त्यांच्याच भावंडांवर आता कुठेतरी रॉक वाजतं.

पेटीच्या बाबतीत मित्राने जवळजवळ काही केलं नाही. पाइनच्या पेटीवर पिवळसर सुती कापड, त्यावर लाखेचा हात. कापड कोपऱ्यांवर फाटलं होतं, एका कडेला सिगारेटचा जुना डाग होता. सुटलेली किनार चिकटवली, बस्स. स्पीकरच्या पडद्याला बारीक चीर होती, ती पातळ कागदाने बुजवली. पूर्ण पडदा बदलायचा सल्ला मालकाला आणखी कोणी दिला होता. पण मूळ पडदा गेला की जेन्सनचा निम्मा सूर गेला, आणि हा अजून वाजत होता.

डिलक्स वाजवायलाही शिकावं लागतं. पट्टीवर दोन आवाजाची बटणं आणि एक टोन. आकडे १ ते १२. दोन्ही आवाज एकमेकांत गुंतलेले आहेत: गिटार एका चॅनलला लावलेली असताना दुसऱ्या, रिकाम्या चॅनलचं बटण फिरवलं तरी सूर बदलतो. नील यंग साठच्या दशकाच्या अखेरीपासून १९५९ चा डिलक्स वाजवतो आहे, आणि मंचावर पायाने कळ दाबली की मोटरने ही बटणं ठरलेल्या जागी फिरावीत, असं यंत्र त्याने त्यासाठी करून घेतलं. मालकाने आपली गिटार लावली, बटण ४ वर ठेवून एक सूर धरला, मग ७, मग दुसऱ्या चॅनलचं थोडं मागे. बराच वेळ तो काही बोलला नाही, नुसता वाजवत राहिला. मित्र मात्र मीटर लावून बसला होता. तापल्यावर आकडे सरकतात का, हे त्याला पाहायचं होतं. सरकले नाहीत.

काही आठवड्यांनी मालकाचा फोन आला. ठरावीक सुरांवर काहीतरी किणकिणत होतं. मित्राने त्याला फोनवरच सांगितलं: पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टकटक कर. १२एवाय७ वर टकटक केली तेव्हा स्पीकरमधून टणत्कार आला. त्याने जवळचा जादा व्हॉल्व्ह बसवला आणि त्या रात्रीचा कार्यक्रम त्यावरच केला.